थ्री नॉट थ्रीचा नेम : एक चिंधीप्रधान प्रबंध

बोरू कसा तासावा, शाई कशी असावी, ओळी कशा राखाव्यात, यावर अख्खा समास खर्ची घालणारे समर्थ रामदास आमच्या जालना जिल्ह्यातल्या जांबचे. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास, नाव लेखनक्रियानिरूपण. मोक्षाच्या ग्रंथात बोरूच्या टोकाला एवढा मान मिळतो, तर सैन्याच्या जुन्या बोल्टवाल्या रायफलीच्या नेमावर प्रबंध लिहायला प्रस्तुत लेखकाने कोणाला विचारायचे? रायफल बाळगायला परवाना लागतो. तिच्यावर लिहायला अजून लागत नाही, आणि लागायच्या आत हे काम उरकलेले बरे.

शास्त्राच्या रिवाजाप्रमाणे आधी अनुबंधचतुष्टय सांगणे आले: विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी.

विषय ली-एनफिल्ड घराण्यातली रायफल, लोकांच्या तोंडी थ्री नॉट थ्री. स्कॉटलंडात जन्मलेल्या आणि अमेरिकेत नांदलेल्या जेम्स पॅरिस ली यांचा बोल्ट आणि एनफिल्डच्या सरकारी कारखान्याची नळी यांचे लग्न १८९५ साली लागले. १९०७ मध्ये मार्क तीन हे रूप ठरले, आणि तेच रूप कलकत्त्याजवळच्या इशापूरच्या कारखान्याने पुढे कित्येक दशके काढले. वजन चार किलोला थोडे कमी, नळी सव्वापंचवीस इंचांची, मॅगझिनमध्ये दहा काडतुसे.

प्रयोजन विचाराल तर नाही. युरोप-अमेरिकेत सैन्याच्या जुन्या रायफली मोडीत निघाल्या की दुकानात मांडतात, आणि हौशी मंडळी त्या घरी नेऊन म्हातारपणी त्यांचा नेम सुधारत बसतात. आपल्याकडे .३०३ हा प्रतिबंधित बोअर. सामान्य नागरिकाने कितीही अर्ज केले तरी ही रायफल त्याच्या कपाटात यायची नाही. मग या शास्त्राचा अधिकारी कोण? ज्याच्याकडे ही रायफल नाही आणि असू शकत नाही, तो. असे अधिकारी जालना जिल्ह्यात घरोघरी आहेत. व्याकरणाला निदान बोलणारे लागतात. प्रस्तुत शास्त्राने तेवढीही अट ठेवलेली नाही, म्हणून त्याला शुद्ध शास्त्र म्हणायला हरकत नसावी.

संबंध मात्र दाट आहे. राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक ३ जालन्यात, पोलीस प्रशिक्षण केंद्रही इथेच. महाराष्ट्र पोलिसांच्या कित्येक पिढ्या थ्री नॉट थ्री खांद्यावर घेऊन सावधान-विश्राम शिकल्या. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत सीएसटी स्थानकावर याच जमान्यातल्या रायफली घेऊन माणसे एके-४७ समोर उभी राहिली. त्या रात्रीबद्दल या प्रबंधात थट्टा नाही.

शास्त्राला पूर्वपक्ष लागतो. तो आम्हाला नात्यातच मिळाला. अंबड तालुक्यात मोसंबीची बाग राखून असलेले आमचे थोरले मावसभाऊ तात्या यांच्याकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर .३१५ ची रायफल आहे. इशापूरनेच नागरिकांसाठी काढलेली. बोल्ट थ्री नॉट थ्रीच्या घराण्यातला, बोअर मात्र परवान्यात बसणारा. बागेत शिरणाऱ्या रानडुकरांना तात्यांनी आजवर फटाक्यांनीच पळवले, कारण काडतूस महाग आणि वनखात्याची परवानगी त्याहून महाग. तरी रायफल आहे म्हटल्यावर मत आहेच.

"काय लिहू लागलास रे एवढं?" तात्यांनी विचारले. "नेम असतोय नळीत, नाहीतर हातात. तिसरीकडं कुठं असतोय?"

हा झाला पूर्वपक्ष. आमचा सिद्धांत असा: चांगल्या नळीत आणि चांगल्या हातात नेम असतोच, पण जुन्या रायफलीत तो हरवतो या दोहोंच्या मधल्या फालतू वस्तूंत. चिंधी, दोरी, तेल, लाकडाचा नखाएवढा तुकडा, कापराची काजळी. यांतली एकही वस्तू संग्रहालयात काचेआड ठेवायच्या लायकीची नाही.

प्रथम इतिहास, कारण त्याशिवाय प्रबंध जाड होत नाही. बंदुकीच्या नेमाचा मोठा जाहीर प्रयोग आमच्याच भोकरदन तालुक्यात, असईला, २३ सप्टेंबर १८०३ रोजी झाला. कंपनीच्या शिपायांच्या हातातल्या ब्राऊन बेस बंदुकीची नळी पाऊण इंची, गोळी तिच्याहून मुद्दाम लहान. दारूच्या काजळीने नळी भरली तरी गोळी वरून आत जावी म्हणून ही सोय. परिणामी गोळी नळीत डावी-उजवीकडे आपटत बाहेर पडे आणि शेवटी जिकडे आपटली असेल त्याच्या उलट दिशेला जाई. पन्नास पावलांपलीकडच्या एका माणसावर नेम धरणे हा वेळेचा अपव्यय होता. रांगेने रांगेवर झाडायचे आणि मग संगीन लावून धावायचे. त्या दिवशी कंपनीच्या बाजूची दीड हजारावर माणसे ठार-जखमी झाली, ती मुख्यतः शिंद्यांच्या तोफांनी. असईचा सर्वांत अचूक नेम बंदुकीने लागलाच नाही. केळणा नदीला उतार नाही असे वाटाड्यांनी सांगितले होते. कंपनीचा सेनापती वेलस्ली याला नदीच्या दोन्ही काठांना समोरासमोर दोन गावे दिसली. ये-जा असणारच, म्हणजे उतारही असणारच, असे ठरवून त्याने फौज पाण्यात घातली. उतार होता. शास्त्रात याला अनुमान म्हणतात, आणि ब्राऊन बेसपेक्षा ते कितीतरी लांबवर लागू पडले.

पुढे १८२७ मध्ये जालन्याला छावणी बांधली गेली. हैदराबाद कंटिन्जंटची पलटण तिथे राहिली आणि १९०३ मध्ये छावणी रिकामी झाली. म्हणजे मार्क तीन जन्माला यायच्या आधी चार वर्षे. इतिहासाचाही नेम असा थोडक्यात हुकतो.

आता मुख्य अधिकरण, चिंधी.

रायफलीच्या कुंद्याला मागच्या टोकाला पितळी पट्टी असते, तिच्यात एक झाकण, झाकणाआड खण. त्या खणात दोन वस्तू राहतात: तेलाची बाटली आणि पुलथ्रू. पुलथ्रू म्हणजे दोरी, एका टोकाला पितळी वजन, दुसऱ्या टोकाला तीन फास. वजनाच्या बाजूने पहिल्या फासात तारेची जाळी, दुसऱ्यात चिंधी. तिसरा फास संकटसमयीचा, चिंधी नळीत अडकली तर मागे ओढण्यासाठी. चिंधीचेही माप ठरलेले: कोरडी पुसायला चार इंच बाय दोन, तेल द्यायला चार बाय दीड. मोठी घेतली की अडकते, लहान घेतली की नुसती फिरून येते. राष्ट्रीय छात्रसेनेच्या ज्या कॅडेटची चिंधी नळीत अडकली, तो पुढे आयुष्यात कितीही वर चढला तरी बॅचच्या आठवणीत चिंधीवालाच राहतो.

कॉलेजात असताना हे शास्त्र आम्हाला शिकवले साताऱ्याकडच्या एका हवालदारांनी. छात्रसेनेत शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात. फायरिंगसाठी आम्हाला .२२ मिळे आणि कवायतीला निकामी केलेल्या थ्री नॉट थ्री. एके दिवशी उस्तादांनी त्यांतली एक मांडीवर आडवी घेतली, तोंड उजेडाकडे वळवले आणि अंगठ्याचे नख नळीच्या काठावरून हळूहळू फिरवले. वरच्या बाजूने नख सरळ गेले. खालच्या बाजूला येताच ते किंचित आत बुडाले. आम्ही वाकून पाहिले: पोलादाच्या काठाला तिथे एक गुळगुळीत खोबण पडलेली, जेमतेम दोरीच्या जाडीची.

"ही गोळीनं झिजली असं वाटतंय ना?" उस्ताद म्हणाले. "ही सफाईनं झिजली."

"दोरीनं लोखंड झिजतं, उस्ताद?"

"गावाकडच्या विहिरीचा दगड बघितला नाहीस का कधी?"

इथून पुढचे तत्त्वज्ञान आमचे. थ्री नॉट थ्रीची गोळी नळीत शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत एका सेकंदाचा साधारण सातशेवा भाग लागतो. दहा हजार गोळ्या झाडल्या तरी नळीला गोळ्यांचा सहवास एकूण चौदा-पंधरा सेकंद. उलट ज्या रायफली वर्षाकाठी मोजक्या गोळ्या झाडतात आणि तपासणीसाठी सारख्या पुसल्या जातात, त्यांना दोरीचा सहवास तासांनी मोजावा लागेल. दोरीला धूळ चिकटलेली असते, धुळीत वाळूचे कण असतात, ओढणारा घाईत तिरका ओढतो, आणि दोरी रोज एकाच बाजूला टेकते. अशा रायफली शत्रूने म्हाताऱ्या केलेल्या नाहीत. त्या सेवेने म्हाताऱ्या झाल्या.

काठावरच्या खोबणीने एवढे काय बिघडते, ही शंका रास्त आहे. नळीचे तोंड ही गोळीला रायफलीने केलेला शेवटचा स्पर्श. गोळीचा तळ तोंडाबाहेर पडतो त्याच क्षणी मागचा वायू चहूकडून सुटतो. काठ सगळीकडे सारखा असेल तर वायू सारखा सुटतो आणि गोळी सरळ जाते. खालून खोबण असेल तर तिथून वायू आधी सुटतो, गोळीचे बूड हलके ढकलले जाते, ती डुलत निघते. म्हणून बाकी नळी आरशासारखी चकाकत असली तरी नेम उधळतो, आणि चकाकी पाहून समाधान पावणारा तपासणी अधिकारी शेरा मारतो, ‘उत्तम’.

परीक्षा सोपी, अर्थात ज्याच्याकडे वस्तू आहे त्याला. रिकाम्या रायफलीच्या तोंडात काडतुसाची गोळी उलटी, टोकाकडून घालून पाहतात. थोडी जाऊन थांबली तर तोंड शाबूत. थेट काडतुसाच्या गळ्यापर्यंत बुडाली तर त्या नळीपुढे नेमाचा विषय काढू नये. उपाय दोन. झाले असेल तर आर्मोररकडून काठ नव्याने कापून घ्यायचा. झाले नसेल तर बोल्ट काढून, मागच्या बाजूने, सरळ सळईने पुसायचे. या रायफलीचा बोल्ट सहज बाहेर येतो, म्हणजे मागून पुसण्याची सोय तिच्या अंगातच आहे.

तपासणीवाल्यांची बाजूही नोंदवली पाहिजे. जुन्या काडतुसांच्या टोपीत क्लोरेटचे मिश्रण असे. ते जळले की नळीत मीठ उरते, मीठ हवेतला ओलावा ओढते, आणि रात्रीतून गंज. तेलाने मीठ विरघळत नाही. वर तेलाचा थर, खाली गंजाचा संसार सुखाने चालू राहतो. म्हणून जुन्या सैन्यात गोळीबारानंतर नळीतून उकळते पाणी ओतायची पद्धत होती, त्यासाठी खास नाळके मिळे. मराठवाड्यातल्या कोरड्या हवेत हा गंज कोकणापेक्षा सावकाश चढत असावा, पण म्हणून कोणी पाणी वाचवू नये. चहाचे आधण वेगळे ठेवावे, इतकेच.

तात्यांनी इथे हरकत घेतली. "म्हणजे पुसूच नये का?"

पुसावी. गोळीबाराआधी तर अवश्य, तीही कोरड्या चिंधीने, कारण तेलकट नळीतली पहिली गोळी बाकीच्या चार गोळ्यांना सोडून भलतीकडे जाते. गोळीबारानंतर पाणी, कोरडी चिंधी, मग तेलाची. एरवी नळीला विश्रांती द्यावी. ‘स्वच्छता करू नका’ असे म्हणणारा हा मराठीतला बहुधा पहिला शास्त्रग्रंथ असेल. पालकांनी तो मुलांपासून दूर ठेवावा.

दुसरे अधिकरण लाकूड. येथे प्रबंध जरा तेलकट होणार आहे.

मार्क तीन रायफलीची नळी तोंडापर्यंत लाकडात बुडालेली असते. नळी गरम होते, थंड होते, प्रत्येक गोळीला थरथरते. लाकूड उन्हाळ्यात आकसते, पावसाळ्यात फुगते. दोघांचा संबंध कुठे, किती आणि कशा दाबाने यावर गोळी कुठे जाणार हे ठरते. बंदुकीचा सगळा धक्का लाकडाच्या मागच्या भागातल्या दोन छोट्या पृष्ठांवर पडतो, अंगठ्याच्या नखाएवढी प्रत्येकी. ही दोन्ही लोखंडाला सारखी टेकली पाहिजेत. एक टेकले, एक सुटले, की प्रत्येक गोळीला रायफल तसूभर वळते आणि तो बिचारा शिपाई हाताला दोष देतो.

ही दोन नखे मऊ कशाने पडतात? पुन्हा सेवेने. नळीला सढळ हाताने तेल द्यायचे आणि रायफल कुंद्यावर उभी करून ठेवायची. तेल रात्रभर ओघळत खाली येते आणि नेमके याच ठिकाणी लाकडात मुरते. वर्षानुवर्षे तेल प्यालेले लाकूड काळे पडते, दाबाला दबते. तेल दिल्यावर रायफल थोडा वेळ तोंड खाली करून ठेवली असती तर एवढे सगळे टळले असते. ऑस्ट्रेलियातल्या लिथगोच्या कारखान्याने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मऊ देशी लाकूड वापरावे लागले तेव्हा या दोन जागी तांब्याच्या चकत्या बसवल्या. फिनलंडवाल्यांनी रशियन रायफली घेऊन त्यांवर नव्या नळ्या चढवल्या, लाकडाची बैठक दुरुस्त केली, आणि १९३९-४० च्या हिवाळ्यात सिमो हायहा नावाच्या शेतकऱ्याने अशाच घडणीच्या रायफलीने, दुर्बीण न लावता, नुसत्या माशीवर नेम धरून, रशियनांना आपले नाव पाठ करायला लावले. नळी बदलणे परवडत नसेल त्याने निदान चकत्या तरी बसवाव्यात.

पुढच्या टोकाची गोष्ट याहून नाजूक. तोंडाजवळ लाकडात एक छोटा स्प्रिंगवाला खिळा असतो, तो नळीला खालून हलकासा वर रेटतो. त्याचे काम थरथर ठरावीक ठेवणे. नंतरच्या नंबर चार रायफलीत स्प्रिंग नसते. तिथे लाकूडच तोंडाशी दोन ते सात पौंड दाबाने नळी वर उचलून धरते. मधल्या भागात नळी बाजूंना कुठेही घासता कामा नये. घासते की नाही हे पाहायला लोखंडाला काजळ फासतात, लाकूड चढवतात, काढतात. जिथे काळे उमटले तिथे स्पर्श. नको त्या जागी उमटले असेल तर रंध्याने नव्हे, काचपेपरने, तेही दम धरून घासावे.

लाकूड उतरवण्याबाबत एक इशारा, जो पाळला न गेल्यामुळे जगात पुष्कळ लाकडे चिरली. मार्क तीनचा कुंदा लांब बोल्टने धरलेला असतो आणि बऱ्याच रायफलींत त्या बोल्टचे चौकोनी टोक पुढच्या लाकडातल्या पट्टीत अडकलेले असते. आधी कुंद्याचा बोल्ट फिरवायला गेलात की ते टोक फिरते आणि पुढचे लाकूड ‘टक्’ असा आवाज करते. आधी पुढचे लाकूड उतरवायचे, मगच कुंदा. संसारात कोणाला आधी उठवायचे याचा जसा क्रम असतो तसा इथेही आहे, आणि दोन्ही ठिकाणी चुकल्यावरच कळतो.

उरला प्रश्न लाकडाला कोणते तेल. येथे मराठवाड्याचा अधिकार मोठा. ब्रिटिश सैन्याने रायफलीच्या लाकडाला कच्चे जवसाचे तेल ठरवले होते. जवस म्हणजे आमच्या चटणीतला जवस, दुसरा कोणी नाही. हे तेल हवेतला प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होते आणि लाकडाच्या रंध्रांत टिकून राहते. पावसाळी हवेत लाकूड फुगण्याला आळा बसतो. शेंगदाण्याचे तेल कधी वाळतच नाही, चिकट राहून धूळ धरते. करडईचे मधलेच, अर्धेमुर्धे वाळते. तात्यांनी घरच्या घाण्याचे करडईचे तेल आपल्या रायफलीच्या लाकडाला दिवाळीत लावले. होळीपर्यंत ते हाताला चिकटत होते आणि मुंग्यांनी कुंद्यावर वहिवाट पाडली होती. जवसाचे तेल थेंब-थेंब तळहातावर घ्यावे, तळहात लाकडावर गरम होईपर्यंत चोळावा, आठवडाभर वाट पाहावी, पुन्हा चोळावा. लिंबू पिळून भाकरीशी खायचा मोह आवरावा. चटणी वेगळी.

माशी. मोहरीच्या दाण्याएवढा विषय, पण वाद मोठे. नळीच्या टोकावरची माशी मागच्या पाट्याच्या खाचेत मधोमध, वरच्या कडेला समतल दिसली पाहिजे, आणि नजर माशीवर; लक्ष्य धूसर दिसले तरी चालेल. नवशिक्या नजर लक्ष्यावर ठेवतो, कारण आयुष्यभर सगळ्यांनी त्याला लक्ष्यावरच नजर ठेवायला सांगितलेले असते. माशी घासून चकचकीत झाली असेल तर उन्हात एक बाजू लखलखते आणि डोळा त्या बाजूला ओढला जातो. जालन्याच्या चांदमारीवर मे महिन्याची दुपार म्हणजे हे संकट दुप्पट. उपाय इंग्रजांच्या बिस्लीच्या मैदानावरही केला जाई आणि आपल्या देवघरातही सापडतो: कापूर पेटवावा आणि त्याच्या धुरावर माशी काळी करावी. कापराची काजळी दाट काळी बसते आणि चमक घालवते. आरती झाल्यावर उरलेल्या वडीला एवढा उच्च उपयोग दुसरा नाही.

गोळ्या एका बाजूला पडत असतील तर माशी कुठे सरकवायची, यावर चांदमारीवर नेहमी भांडण होते. उत्तर ऐकायला विपरीत वाटते. गोळी उजवीकडे जाते तर माशी उजवीकडेच सरकवायची. चुकीच्याच दिशेला जावे, म्हणजे चूक सुटते. एक गोळी पाहून मात्र सरकवू नये. पाच गोळ्यांचा ग्रुप बसू द्यावा, त्याचा मध्य काढावा, मग हातोडी उचलावी. शंभर यार्डांवर पाच गोळ्या तीन-चार इंचांत आल्या तर म्हाताऱ्या रायफलीला आणखी काही मागू नये. मार्क तीनच्या पाट्याची सर्वांत खालची खूण दोनशे यार्डांची, त्यामुळे शंभरावर ती थोडी वर मारणारच; तो तिचा दोष नाही, लढाईत शंभर यार्डांवर शत्रू आला तर माशी पाहायला वेळ नसतो असे तिच्या कर्त्यांचे मत असावे.

काडतुसांवर थोडक्यात. खडकीच्या कारखान्यातली असोत की बाहेरची, बुडावरचे शिक्के पाहून एकाच खेपेची, एकाच सालाची वेगळी काढावीत. कॉर्डाईट ही दारू बारीक शेवयांच्या आकाराची असते आणि उन्हात तापली की जास्त जोराने जळते. काडतुसे उन्हात ठेवून सावलीतला नेम अपेक्षू नये. .३०३ हे माप नळीतल्या उंचवट्यांमधले. खोबणींचे माप त्याहून मोठे, कारखाना-कारखान्यागणिक थोडे वेगळे. बारीक गोळी रुंद नळीत घातली की असई पुन्हा घडते.

माणसाबद्दल शास्त्राला फारसे सांगायचे नाही, तात्यांना वाटते त्याहून कमीच. ट्रिगर दोन टप्प्यांचा असतो, पहिला हलका, दुसरा जड. पहिला घेऊन थांबावे, अर्धा श्वास सोडावा, दुसरा असा घ्यावा की गोळी सुटली हे स्वतःलाही किंचित उशिरा कळावे. उस्ताद एवढेच सांगत आणि मग कॅडेटच्या पाठीमागे उभे राहून त्याच्या पायांची टाच जमिनीला लागली आहे का ते पाहत. टाच सुटली की खांदा हलतो, असे त्यांचे म्हणणे.

तात्यांनी हा मजकूर शेवटपर्यंत ऐकला. करडईचे तेल पुसून जवसाचे लावायचे त्यांनी मान्य केले, चकत्यांसाठी तांब्याची जुनी भांडी काढून ठेवली, कापराची डबी आणली. प्रयोग मात्र लांबला आहे, कारण निवडणूक लागली आणि नियमाप्रमाणे रायफल पोलीस ठाण्यात जमा झाली. पावतीवर ‘रायफल एक, पट्ट्यासह’ एवढीच नोंद. ठाण्यात तिची आबाळ होईल म्हणून तात्या आधी काळजीत होते. हा प्रबंध ऐकल्यापासून काळजी उलटी झाली आहे. रात्रपाळीला एखादा कर्तव्यदक्ष शिपाई असेल, त्याला काही काम नसेल, आणि खणात दोरी असेल. काल ते मुद्दाम अंबडला जाऊन चौकशी करून आले. जमा झाल्यापासून रायफलीला कोणी हातही लावला नाही, असे ठाणे अंमलदारांनी जरा ओशाळून सांगितले. तात्यांनी त्यांना मोसंब्यांची पिशवी दिली.